काळा तांदूळ घरात आला, पण पानात कुणी घेईना

पत्राचा सारांश: ठाण्यात राहणाऱ्या, मूळच्या चिपळूणकडच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. घरात पाच माणसं. त्या, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ७४ वर्षांचे सासरे. सासऱ्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. यंदा नवऱ्याच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा) ६.१ आलं आणि डॉक्टरांनी 'आत्ताच सांभाळा' असं बजावलं. ताईंनी त्याच आठवड्यात घरातला कोलम संपवला आणि ३२० रुपये किलोने पाच किलो काळा तांदूळ मागवला. तेव्हापासून दोन्ही वेळा तोच भात. वरण कालवलं की त्याचा रंग बघून मुलं ताट सरकवतात. नवरा काही बोलत नाही, उलट "चांगला आहे ना, मग थोडा जास्त वाढ" म्हणतो. सासऱ्यांनी मात्र "हे जेवण आहे की औषध?" असं विचारलं आणि आता ते रात्री दूध-पोळी खाऊन उठतात. ताई लिहितात, "सगळ्यांच्या भल्यासाठी करतेय आणि मीच वाईट ठरतेय. नेटाने चालू ठेवू की सोडून देऊ? आणि हा तांदूळ खरंच एवढा गुणाचा आहे का?"

ताई,

तुम्हाला सासऱ्यांचं बोलणं लागलं, ते साहजिक आहे. पण तुमचं पत्र वाचताना मी अडले ते तुमच्या यजमानांच्या वाक्यावर. "चांगला आहे ना, मग थोडा जास्त वाढ." ते तुमच्या बाजूने बोलत आहेत असं तुम्हाला वाटतंय, आणि काळजीची गोष्ट नेमकी तिथेच आहे.

शंभर ग्रॅम कच्चा तांदूळ घ्या, पांढरा घ्या की काळा. दोन्हींत साधारण ३५० कॅलरी असतात आणि ७५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. काळ्यात प्रथिनं थोडी जास्त असतात, तंतू बरेच जास्त असतात, आणि कोंड्याचा थर शाबूत असल्यामुळे दाणा सावकाश पचतो. म्हणून तेवढ्याच भाताने साखर सहसा कमी वेगाने चढते. यातला 'तेवढ्याच' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एका वाटीच्या जागी दोन वाट्या झाल्या की कोंड्याने जे वाचवलं ते वाढणीने घालवलं. तांदूळ बदलला म्हणून आता मोजायला नको, असं घरात नकळत ठरून गेलेलं दिसतं. हे पहिल्यांदा मोडायला हवं.

आयसीएमआर-इंडियाब हा मधुमेहाविषयीचा, देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास. २०२५ साली त्यातली आहाराची निरीक्षणं प्रसिद्ध झाली. भारतीयांच्या दिवसभराच्या कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असं त्यात दिसलं. त्याहून मोलाची गोष्ट पुढे होती. कोंडा काढलेल्या धान्याच्या जागी नुसतं अख्ख्या गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाच्या धोक्यात फरक दिसला नाही. त्यातला थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी, दूधदुभतं यांसारखी प्रथिनं घेतली, तिथे धोका कमी दिसला. त्यात काळ्या तांदळाची वेगळी तपासणी नव्हती. पण तुमच्या घरच्या प्रश्नाला हेच उत्तर लागू पडतं असं मला मनापासून वाटतं. आधी भाताची वाटी लहान व्हायला हवी आणि शेजारची उसळीची वाटी मोठी. तांदळाचा रंग त्यानंतरचा.

मग काळ्या तांदळात खरं काय आहे? त्याचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. जांभळाला आणि काळ्या द्राक्षांना रंग येतो तोही याच जातीच्या द्रव्यांमुळे. ते सगळं वरच्या थरात असतं, आतला दाणा पांढराच. या द्रव्यांवर प्रयोगशाळेत भरपूर काम झालं आहे, पण माणसांनी रोज वाटीभर हा भात खाल्ला तर रोग किती टळतात याचा पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून पाकिटावर जे पाच-सहा आजार छापलेले असतात, त्यांच्यासाठी हा तांदूळ विकत घेऊ नका. चव आवडली, दाणा चावायला छान वाटला, तंतू जास्त मिळतात, एवढी कारणं कुठल्याही धान्याला स्वयंपाकघरात यायला पुरेशी आहेत.

आणखी एक गोष्ट पाकिटावर सहसा नसते. काळा तांदूळ एकच नाही. मणिपूरचा चक-हाओ, ज्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो सुवासिक आणि चिकट. तिथे त्याची खीर सणासमारंभात करतात. तमिळनाडूत करुप्पु कवुनी आहे, चेट्टिनाडकडे तो गोडासाठी वापरतात. उत्तर प्रदेशात चंदौली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत काळा तांदूळ बऱ्यापैकी पिकू लागला आहे. चिकट तांदळातलं पिष्ट वेगळ्या घडणीचं असतं आणि ते लवकर पचतं, त्यामुळे सगळ्या काळ्या तांदळांचा साखरेवर एकसारखा परिणाम होईल असं धरून चालता येत नाही. तुमच्याकडचा कुठला, ते घरीच बघा. एक कोरडा दाणा सुरीने मधोमध चिरा. आत खडूसारखा पांढराफटक दिसला तर चिकट जात, काचेसारखा थोडा पारदर्शक दिसला तर मोकळा होणारा. रोजच्या जेवणाला दुसरा बरा. पहिला अधूनमधून, हौसेने.

नावामुळेही गल्लत होते. उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगरकडचा काळानमक आणि आपल्या अकोल्याचा, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा काळभात, या दोन्हींचं टरफल काळं असतं, आतला तांदूळ पांढरा. दोन्ही वासाला अप्रतिम आहेत, पण काळा तांदूळ म्हणून कुणी ते गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. रंगाची शंका आली तर मूठभर तांदूळ वाटीत भिजवा. पाणी जांभळं होतं, त्यात लिंबू पिळलं की लालसर गुलाबी होतं. असा बदल झाला नाही तर रंग कशाचा आहे, ते दुकानदाराला विचारा.

आता सासऱ्यांकडे येते. त्यांचा नकार तुम्हाला हट्ट वाटत असेल. मला तो तसा वाटत नाही. चिपळूणकडच्या माणसाचं ७४ वर्षं दोन वेळचं जेवण भाताभोवती फिरलेलं असतं. आमटी कशी, कालवण कसं, भाताला ओल किती, हे सगळं एकमेकांना धरून ठरलेलं असतं. तुम्ही मधला भात उचललात आणि बाकी सगळं तसंच ठेवलंत. कोकमाची आमटी काळ्या भातावर घातली की तिचा रंगही बदलतो आणि चवही लागत नाही. शिवाय एक साधी गोष्ट विचारून बघा. त्यांना कवळी आहे का? कोंड्यासकटचा दाणा नीट शिजला नाही तर कवळीखाली दुखतो, आणि ही तक्रार मोठी माणसं सहसा बोलून दाखवत नाहीत. "हे औषध आहे का" म्हणतात आणि उठतात.

त्यांच्यासाठी तुम्हाला इतक्या लांबचा तांदूळ शोधायची गरजच नव्हती. उकडा तांदूळ तुमच्या माहेरी-सासरी नक्की असणार. त्यात साळ आधी भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग सडतात, म्हणजे कांडून टरफल-कोंडा काढतात. उकडताना कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, म्हणून सडल्यावरही ते बरंच टिकतं. दाणा टणक होतो आणि पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साखर सहसा हळू चढवतो. सिंधुदुर्गात लाल वालय आहे, गोव्यात खाजणातल्या खाऱ्या जमिनीत येणारा कोरगुट आहे. कोंडा राखून कांडलेले हे लाल तांदूळ तंतूंच्या बाबतीत काळ्याच्या फार मागे नाहीत, आणि मिळाले तर सहसा स्वस्तच पडतात. सासऱ्यांना त्यांच्या ओळखीचा उकडा किंवा लाल भात मोजून वाढला, सोबत माशाचं कालवण नाहीतर कुळथाची पिठी दिली, तर त्यांचं जेवणही होईल आणि तुमची काळजीही हलकी होईल. पेज करणार असाल तर शितं उभी राहतील एवढीच शिजवा. फार घोटलेली पेज साखर लवकर चढवते.

सगळ्यांनी एकच भात खायला हवा, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? एका घरात दोन भात म्हणजे दुजाभाव, असं आपल्याला वाटतं खरं. पण कुकरमध्ये दोन भांडी आपण रोजच लावतो. पैशाचा हिशेबही बघा. पाच माणसं, दोन वेळा, दर पानाला ६० ग्रॅम कच्चा तांदूळ धरला तर महिन्याला १८ किलो होतात. ३२० च्या भावाने ५,७६० रुपये. फक्त यजमानांना रात्री एकदा दिला तर १ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे ५७६ रुपये. उरलेल्या पाच हजारांतून बाकीच्यांच्या साध्या तांदळाचे पैसे काढले तरी घरभर मूग, मटकी, चवळी, अंडी, दही, पालेभाज्या किती येतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. ते पैसे तिकडे गेले तर एचबीए१सीला जास्त उपयोग होईल. मुलं वाढत्या वयाची आहेत, त्यांना भाताची धास्ती घालू नका. त्यांच्या पानात वरण घट्ट असू दे, भाजी असू दे, भात कोलमचाच चालेल.

नीट शिजवला नाही म्हणून नावडला, असंही पुष्कळदा होतं, म्हणून कृती जरा सविस्तर सांगते. तांदूळ भराभर दोन पाण्यांतून काढा. चोळत बसू नका, रंग आणि त्यातलं सत्त्व पाण्यातच जातं. मग एक वाटी तांदळाला सव्वादोन वाट्या पाणी मोजून घाला आणि रात्रभर, निदान आठ तास भिजवा. हवा गरम असेल तर फ्रीजमध्ये. शिजवायचा त्याच जांभळ्या पाण्यात. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तेल. कुकरची एक शिट्टी झाली की आच बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. झाकण काढल्यावर एक शीत बोटात दाबून बघा. शिजलेला दाणा कुशीला उकलतो आणि आतला फिकट गर दिसतो, सालीला मात्र हलका ताण राहतो. आत कणी लागली तर पाव वाटी गरम पाणी शिंपडून आणखी पाच मिनिटं. पांढऱ्या भातासारखा मऊ होण्याची वाट बघू नका, तो तसा होत नाही. घरात आता सगळ्यांचं बिनसलंय ते त्याच अपेक्षेमुळे, असं मला वाटतं.

वरणभात हा पांढऱ्या भाताचाच प्रांत आहे. पिवळं वरण, वर तूप, लिंबू, आणि खाली काळा भात कालवला की सगळं मातकट दिसतं. मुलांनी ताट सरकवलं त्यात त्यांची चूक नाही. काळ्या भाताला मोकळ्या, कोरड्या, आंबट-तिखट गोष्टी जुळतात. मोडाच्या मुगाची उसळ परतून त्यातच हा भात घाला, वर भरपूर कोथिंबीर आणि ओलं खोबरं. काकडी, टोमॅटो, कांदा, भाजलेले शेंगदाणे आणि लिंबू घालून गार खाल्ला तर डब्याला उत्तम. नारळाच्या रसातली भाजी किंवा कोळंबीचं सुकं यांच्यासोबतही छान लागतो. दहीभात केलात तर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी वरून द्या. तो फिकट जांभळा दिसतो आणि मुलांना तो रंग बहुधा आवडतो. तुमच्या मुलांना घावणे करून द्या. तीन वाट्या काळा तांदूळ भिजवून, एक वाटी उडीद डाळीसोबत वाटून डोसेही होतात. यजमानांना मात्र पिठाचे प्रकार क्वचितच द्या. दाणा दळला की पचायला सोपा होतो आणि कोंड्याचा फायदा बराचसा जातो.

पांढऱ्यात थोडा काळा मिसळावा का, असंही अनेक वाचक विचारतात. मिसळा, पण काळा आधी रात्रभर भिजलेला हवा, नाहीतर एक मऊ होतो आणि दुसरा कच्चा राहतो. चवीची सवय व्हायला ही वाट चांगली. मूठभर मिसळल्याने साखरेत मोठा फरक पडेल अशी आशा मात्र ठेवू नका.

हा तांदूळ यजमानांना खरंच मानवतो का, हे घरच्या ग्लुकोमीटरवर बघता येतं. एका रात्री ६० ग्रॅम कोलम मोजून शिजवा, सोबत ठरावीक भाजी, आमटी, कोशिंबीर. पहिला घास घेण्याआधी साखर बघा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. दुसऱ्या एखाद्या रात्री सगळं तेच, फक्त भात काळा. असं दोन-तीनदा केलंत की तुमच्या हातात तुमच्या घरचे आकडे येतील. त्यात फरक दिसला तर त्यांचा काळा भात चालू ठेवा. नाही दिसला तर ३२० रुपये किलो देण्याची सक्ती नाही. जमलं तर आणखी एक करून बघा. पानात भात तेवढाच, पण आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, भात शेवटी. नुसत्या या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. जेवल्यावर पंधरा मिनिटं खाली फेरी मारली तर आणखी चांगलं.

६.१ या आकड्याबद्दल. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा. २०२३ च्या इंडियाबच्या अंदाजानुसार देशात १३.६ कोटी माणसं या उंबरठ्यावर आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्या घरचा नाही. इथून मागे येता येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे यजमान चालतात का, त्यांचं वजन किती, झोप किती, हे पत्रात कुठेच नाही. सगळा भार तुम्ही तांदळावर आणि म्हणून स्वतःवर घेतला आहे. आकडा त्यांचा आहे, ताई. भात मोजून घेणं आणि संध्याकाळी चालायला जाणं ही कामं त्यांना करू द्या. मापाची वाटी त्यांच्याच हातात द्या.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लगेच करा. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवणातली कर्बोदकं धरून ठरवलेल्या असतात. जेवण अचानक घटलं आणि गोळी तीच राहिली तर साखर फार खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, चक्कर, बोलण्यात गोंधळ, असं काही दिसलं तर शुद्धीत असताना लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. ते रात्री दूध-पोळीवर आले आहेत, तर दोन-चार दिवस झोपण्यापूर्वीची साखर बघून ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कोंड्याच्या धान्यांत फॉस्फरस जास्त असतो, तेही विचारायला हवं. ज्या घरांत कुणी इन्सुलिन किंवा गोळ्या घेतं, त्यांनी भाताचा कुठलाही मोठा बदल डॉक्टरांशी बोलूनच करावा.

राहिला घरातला उरलेला तांदूळ. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे हा तांदूळ पांढऱ्यासारखा वर्षभर टिकत नाही, खवट होतो. ठाण्याच्या दमट हवेत तर लवकरच. दोन-तीन घट्ट डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी अर्धा किलोच आणा. सासऱ्यांशी बोलताना तांदळाचे गुण सांगू नका. गावाहून उकडा कुणाकडून मागवता येईल, एवढंच विचारा. ते मागवतील. आणि त्यांच्या पुढच्या तपासणीला जाताना साखरेच्या नोंदींची वही आणि ते सध्या दोन्ही वेळा काय जेवतात त्याचा कागद, दोन्ही बरोबर घेऊन जा.